वसतिगृह, पीजी आणि भाड्याच्या खोलीतली आग: कोकणातल्या विद्यार्थी, पालक आणि घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, लोणेरे, देवरुख, रत्नागिरी, सावंतवाडी. शिकायला आलेली मुलं कॉलेजच्या वसतिगृहात राहतात, तशीच कुणाच्या तरी पडवीला काढलेल्या खोलीत किंवा माळ्यावरही राहतात. शहरातल्या टॉवरसाठी लिहिलेल्या सूचना इथे अर्ध्याच लागू पडतात. पाखाडीवरच्या (दगडी पायऱ्यांच्या चिंचोळ्या वाटेवरच्या) घरापर्यंत अग्निशमनाची गाडी पोहोचतच नाही, आणि जिथे पोहोचते तिथेही वेळेवर पोहोचेल असं धरून चालता येत नाही. म्हणून खालची उत्तरं मदत यायच्या आधीच्या मिनिटांसाठी आहेत.

१. आमच्या साध्या खोलीत आग लागणार तरी कशाने?

बहुतेक वेळा विजेने. एका सॉकेटवर पेलवणार नाही एवढा भार, बोर्डात सैल झालेला स्क्रू, टेपने जोडलेली वायर. त्याखालोखाल गॅस आणि कढईतलं तेल, मग मेणबत्ती, मच्छर कॉइल, सिगारेट, आणि अलीकडे फुगलेल्या बॅटऱ्या. ठिणगी कसलीही असो, तिला वाढवते ती गादी. फोमची गादी काही मिनिटांत पूर्ण पेटते आणि तिचा धूर ज्वाळेआधी माणसाला गाठतो. चार्जर, रॉड, कॉइल, मेणबत्ती यांतलं काहीही गादीवर किंवा गादीला टेकवून ठेवायचं नाही, हा नियम एकटाच निम्मं काम करतो.

२. आग दिसली तर सगळ्यात आधी काय करायचं? विझवायला धावायचं की पळायचं?

आधी ओरडायचं. “आग! आग!” असंच, म्हणजे झोपलेल्यांना काय झालंय ते कळतं. मग या क्रमाने:

- खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि निघताना दार ओढून घ्या. कुलूप किंवा कडी लावू नका. बंद दार आगीची हवा तोडतं आणि जिना धुरापासून थोडा वेळ वाचवतं.
- वाटेत असेल तर मेन स्विच आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. त्यासाठी धुरात शिरू नका.
- बाहेर ठरलेल्या जागी जमून डोकी मोजा. फोन बाहेर आल्यावर करा (प्रश्न ३).

विझवायचा प्रयत्न तीन अटी जुळल्या तरच करा: आग कचऱ्याच्या डब्याएवढीच आहे, तुमच्या पाठीमागे बाहेरचं दार आहे, आणि बाकीचे बाहेर पडलेले आहेत. एक अग्निशामक संपला आणि आग राहिली, तर दुसरा आणायला जाऊ नका, बाहेर पडा. लॅपटॉप, मार्कशीट, मोबाइल यांसाठी परत आत जायचं नाही.

३. फोन कुठल्या नंबरला करायचा आणि काय सांगायचं?

११२ सगळीकडे चालतो. अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेला १०८, गॅसगळतीला १९०६. तरीही जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर आणि एमआयडीसी जवळ असेल तर तिथल्या केंद्राचा नंबर (महाड, लोटे-परशुराम इथे अशी केंद्रं आहेत) विचारून घ्या. तो दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिकटवा. आगीत मोबाइलमध्ये नंबर शोधत बसायला हात स्थिर नसतो.

पत्ता सांगताना “अमक्यांच्या घराजवळ” पुरत नाही. गाव, वाडी, मुख्य रस्त्यावरची ठळक खूण, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते सांगा: “पाखाडी सुरू होते तिथपर्यंतच गाडी येईल, पुढे साधारण इतकी पावलं.” आत कुणी अडकलंय का, सिलिंडर किती आहेत, हेही सांगा. मग एकाला टॉर्च देऊन रस्त्यावर उभं करा. रात्री वाडीच्या फाट्यावर गाडी चुकणं ही नेहमीची गोष्ट आहे.

४. खोलीत केटल, इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड चालवला तर नक्की काय बिघडतं? रेक्टर उगाच नाही म्हणतात का?

उगाच नाही. हिशोब सोपा आहे. आपला पुरवठा २३० व्होल्टचा. छोटं ६ अँपिअरचं सॉकेट जास्तीत जास्त ६ × २३०, म्हणजे १३८० वॉट पेलतं. आता वस्तू मोजा: केटल १५०० वॉट, रॉड १००० ते १५००, इंडक्शन २००० पर्यंत, इस्त्री ७५० ते १०००. उलट पंखा साधारण ७५ आणि लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉट. म्हणजे एकटी केटलच छोट्या सॉकेटच्या बाहेर जाते. शिवाय लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर ८०० वॉटपर्यंतच भार धरून वायरिंग करायची पद्धत आहे. तिघांच्या खोलीत एकाची केटल आणि दुसऱ्याची इस्त्री एकाच वेळी लागली, तर भिंतीतली वायर तिच्यासाठी ठरवलेल्या भाराच्या तिप्पट ओझं वाहत असते.

प्रवाह दुप्पट झाला की जोडावरची उष्णता चौपट होते. म्हणून “काल चाललं, आज का नाही” या वादाला अर्थ नाही. रोज थोडं थोडं इन्सुलेशन कडक होतं, तडकतं, आणि एके दिवशी वास येतो.

खोलीमालकाने १६ अँपिअरचं मोठं सॉकेट दिलं असेल, त्याला किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) असेल, तर त्यावर एका वेळी एक केटल चालते. बोर्ड मोठा पण वायर जुनीच, हा प्रकार फार आहे. वायरमनला झाकण उघडून दाखवायला सांगा.

रॉडबद्दल एवढंच: बादलीत पाणी आधी, स्विच नंतर. काढताना स्विच आधी, रॉड नंतर. पाण्याबाहेर चालू राहिलेला रॉड काही सेकंदांत लाल होतो. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी कमी पडलं तर बादली वितळते, आणि स्टीलच्या बादलीत शॉकची भीती असते. सगळ्यांसाठी न्हाणीघराबाहेर एकच गिझर बसवणं मालकालाही स्वस्त पडतं.

५. एक्स्टेंशन बोर्ड चांगल्या कंपनीचा आहे, मग काय हरकत?

बोर्ड कितीही चांगला असला तरी तो भिंतीतल्या सॉकेटची क्षमता वाढवत नाही, फक्त भोकं वाढवतो. त्यावर चार्जर, दिवा, टेबल फॅन चालेल. गरम होणारी कुठलीही वस्तू नाही. बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नका. वायर गुंडाळलेली ठेवून वापरली की मधलीच तापते, आणि चटईखालून नेली की पायांनी चेपून आतून तुटते. पिन काढल्यावर हाताला गरम लागली, तर तो बोर्ड त्याच दिवशी बाद.

६. एमसीबी बसवलाय. शॉर्टसर्किट झालं तर तो पडेलच ना?

शॉर्टसर्किटला आणि जादा भाराला पडतो. सैल जोडाला पडत नाही, आणि आपल्याकडे दुखणं तिथेच असतं. समुद्राच्या खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो, लोखंडी स्क्रू गंजतात, सॉकेटच्या पितळी पकडी ढिल्या होतात. अशा जोडातून साधाच प्रवाह गेला तरी जोड तापतो, प्लॅस्टिक करपतं. प्रवाह मर्यादेतच असल्यामुळे एमसीबीला काही कळत नाही. पंखा लावल्यावर दिवा लुकलुकणं, स्विचमधून चर्र आवाज, सॉकेटभोवती तपकिरी डाग, करपलेल्या मासळीसारखा वास: या चार खुणा दिसल्या की ते सॉकेट वापरणं थांबवा. किनाऱ्यालगतच्या घरात दिवाळीनंतर एकदा सगळे बोर्ड उघडून स्क्रू आवळून घ्यावेत. पावसाळ्याची ओल गेल्यावरच नेमकं काय गंजलंय ते दिसतं.

एमसीबीसोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हवा. त्याचं काम वेगळं आहे: वीज भिंतीत, ओलीत किंवा माणसात गळू लागली की तो तोडतो. आषाढात तो सारखा पडू लागला की त्याला वगळून सरळ वायर जोडून देणारे महाभाग आहेत. तो पडतोय म्हणजे कुठेतरी खरंच गळती आहे. एकेक सर्किट बंद करून ती शोधायची असते.

७. एमसीबी सतत पडतो म्हणून वायरमनने मोठा बसवून दिला. बरोबर केलं का?

नाही. एमसीबी वायरच्या मापाने ठरतो, वापरणाऱ्याच्या सोयीने नाही. १.५ चौरस मिलिमीटरच्या जुन्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला तर आधी वायर जळेल, मग एमसीबी पडेल. जुन्या घरांतल्या किटकॅट (चिनी मातीच्या) फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणं हाही तोच गुन्हा.

८. पावसात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. खोलीत कसे वाळवायचे?

पंख्याखाली दोरी बांधून, घट्ट पिळून, एकमेकांना चिकटू न देता. हीटरवर, बल्बच्या शेडवर, इस्त्री उभी ठेवून तिच्यासमोर किंवा गॅसच्या शेगडीवर दोरी बांधून नाही. शेगडीवरची दोरी हे सगळ्यात वाईट, कारण सुती कपडा खाली पडतो तो थेट ज्योतीवर. इस्त्रीने ओला कपडा वाळवत असाल तर दाराची बेल वाजल्यावर पिन आधी काढा.

९. लाइट गेली की मेणबत्तीशिवाय पर्याय नसतो.

आता असतो. चार्जिंगचा एलईडी दिवा एका मोठ्या वादळी रात्रीला पुरतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. तेवढ्यासाठी दोन दिवे आणि सेलवर चालणारा एक टॉर्च ठेवा. मेणबत्ती लावावीच लागली तर पाणी घातलेल्या खोलगट ताटलीत उभी करा, मच्छरदाणी आणि पडद्यापासून किमान हातभर दूर, आणि शेवटचा जागा असलेला माणूस ती विझवेल. गणपतीतली समई आणि दिवाळीच्या पणत्यांनाही हेच लागू.

१०. मच्छर कॉइलने एवढं काय होणार?

कॉइल ज्योतीशिवाय तासन्‌तास धुमसते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. मच्छरदाणीची जाळी किंवा लोंबणारी चादर तिला टेकली की मध्यरात्री पेट घेते. तिच्या पत्र्याच्या स्टँडसकट स्टीलच्या ताटात, दारापाशी ठेवा. मच्छरदाणी नीट खोचली तर कॉइल लागतही नाही.

११. पॉवर बँक फुगली आहे. इलेक्ट्रिक स्कूटर जिन्याखाली चार्ज करतो, चालेल?

दोन्ही प्रश्नांना नाही. फुगलेली बॅटरी वापरू नका, दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. घराबाहेर मातीवर ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

स्कूटर जिन्याखाली म्हणजे बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर. लिथियम बॅटरी पेटली तर ती स्वतःच उष्णता निर्माण करत राहते. पावडरचा अग्निशामक ज्वाळा दाबतो, पण बॅटरी थंड करत नाही, म्हणून ती पुन्हा पेटते. तिला लागतं भरपूर पाणी आणि अंतर. चार्जिंग अंगणात, पत्र्याच्या उघड्या शेडखाली, दिवसा, आणि कंपनीच्याच चार्जरने करा. काढता येणारी बॅटरी खोलीत आणून पलंगाखाली रात्रभर लावण्यापेक्षा गाडी एक दिवस घरी ठेवलेली बरी. पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी सुकली तरी चार्ज करू नका.

१२. स्वयंपाक खोलीतच करतो. सिलिंडर ठेवताना काय बघायचं?

वजनापेक्षा जोड बघा. सिलिंडर नेहमी उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच. नळी आयएसआय खुणेची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळी, दीड मीटरपेक्षा लांब नाही. ती पाच वर्षांनी बदलायची. तारीख नळीवरच छापलेली असते. उंदराने कुरतडलेली नळी मात्र तारखेची वाट बघत नाही. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी पेटवून बघायचं नाही, हे लिहावं लागतं कारण लोक बघतात.

सिलिंडरच्या कड्याजवळच्या पट्टीवर ‘ए-२७’ असं काही लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती चाचणीची मुदत आहे. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका.

बाजारात मिळणारी, वर थेट बर्नर बसवलेली बिनमार्काची छोटी टाकी आणि मोठ्या सिलिंडरमधून तिच्यात गॅस भरून देणारा ओळखीचा दुकानदार, हे दोन्ही टाळा. अधिकृत ५ किलोचा सिलिंडर गॅस एजन्सीकडे मिळतो. खानावळ किंवा मेस चालवणाऱ्याला घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरता येत नाही. त्याला १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो, आणि तो स्वयंपाकघराबाहेर, हवेशीर जागी ठेवणं चांगलं.

१३. रात्री गॅसचा वास आला. लाइट लावून बघू का?

स्विचला हात लावू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. दोन्ही वेळा आत ठिणगी पडते. मोबाइल, बेल, फ्रिजचं दारही नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो खाली बसतो, आणि कोकणी घराचा उंबरठा त्याला आतच अडवतो. वरची खिडकी उघडून तो जात नाही. दारं सताड उघडा, रेग्युलेटर बंद करा, सिलिंडरला टोपी लावा, आणि पुठ्ठ्याने जमिनीलगत हवा बाहेर लोटा. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की तो पेटू शकतो, म्हणजे नाकाला जाणवणारा वास ही आधीची पायरी आहे. मीटरचा मेन स्विच घराबाहेर असेल तरच तिथून वीज तोडा. मग बाहेर लांब जाऊन १९०६ ला फोन करा.

१४. कढईतलं तेल पेटलं तर?

पाणी अजिबात नाही. पाणी उकळत्या तेलाखाली जाऊन एका झटक्यात वाफ होतं, सुमारे सतराशे पट फुगतं, आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करा, मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवून कढईवर झाका आणि थंड होईपर्यंत उघडू नका. अर्धा तास धरा; लवकर उघडलं तर हवा मिळून पुन्हा पेटतं. कढई उचलून बाहेर न्यायला जाणारेच भाजतात.

१५. अग्निशामक कोणता घ्यावा, किती आणि कुठे लावावा?

जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर ४ किंवा ६ किलोचा एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारा) एक. मीटर आणि पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडचा. स्वयंपाकघरात एबीसी चालतो, पण पेटलेल्या तेलासाठी झाकणच पहिलं (प्रश्न १४). कुठल्याही खोलीपासून १५ मीटरच्या आत तो हाताशी यावा. दाराआड, कपाटात किंवा ऑफिसला कुलूप लावून नको. खोक्यावर आयएसआय खूण आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघा.

वापर: पिन ओढा, नळीचं तोंड ज्वाळेवर न धरता आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा, डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरवा. सुरुवात दोन-तीन मीटरवरून. २ किलोचा जेमतेम आठ-दहा सेकंद पुरतो, त्यामुळे नळी कुठे धरायची हे आधीच माहीत हवं.

वाळूच्या बादल्यांबद्दलही विचारतात. चांगल्या, पण कोरड्या. पावसाळ्यात वाळू दगड होते, आणि एरवी तिची पानाची पिकदाणी होते.

१६. अग्निशामक भिंतीवर आहे, पण दोन वर्षांपासून कुणी हात लावलेला नाही.

काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिनेचं सील आहे का, नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का, आणि तळाच्या कडेला गंज किती, हे महिन्यातून एकदा बघा. खाऱ्या हवेत तळ आतून सडतो. वरचा लाल रंग छान दिसत राहतो. तळाला पापुद्रे सुटलेली टाकी स्वतः उघडू किंवा दाबून बघू नका. भरणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. पावडरच्या टाकीची दाबचाचणी तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडची पाच वर्षांनी करतात. एकदा मूठ दाबली, मग थोडाच वापर झाला असला, तरी ती पुन्हा भरून घ्यावी लागते.

१७. दाराबाहेर धूर आहे. दार उघडायचं की नाही?

हाताच्या मागच्या बाजूने दाराला आणि कडीला स्पर्श करा. गरम असेल तर उघडू नका. थंड असेल तर दाराआड खांदा टेकवून थोडं उघडा. धूर आत घुसला तर लगेच बंद.

धूर वर जमतो, म्हणून जमिनीपासून हातभर उंचीची हवा शेवटपर्यंत बरी राहते. गुडघ्यांवर, भिंतीला हात लावून चला. ओला रुमाल काजळी अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. रुमाल आहे म्हणून धुरात जास्त वेळ थांबू नका.

अडकलात तर: दार बंद, फटीत ओले टॉवेल, आणि दुसऱ्या बाजूची खिडकी उघडून मोबाइलचा टॉर्च हलवत ओरडा. खोलीत रात्री एक बादली पाणी भरलेली असावी ती यासाठी. सुरतच्या तक्षशिला इमारतीत २४ मे २०१९ ला २२ जण गेले, त्यांत बहुतेक क्लासला आलेली मुलं. वरून उतरायची वाट आगीने अडवली होती आणि मुलं वरून उड्या मारत होती. माळ्यावर किंवा गच्चीवर खोल्या काढणाऱ्याने हे एकदा वाचावं.

१८. चोरांच्या आणि माकडांच्या भीतीने सगळ्या खिडक्यांना ग्रिल आहे. काढून टाकायचं?

नाही. प्रत्येक खोलीत किमान एक ग्रिल आतून उघडणारं करा, कडी हाताला येईल अशी, कुलपाशिवाय. कोकणातला खरा अडसर पुढे येतो: अशी ग्रिलं दोन पावसाळ्यांत बिजागरीपाशी गंजून बसतात आणि गरज पडते तेव्हा हलत नाहीत. बिजागरी स्टेनलेस स्टीलची घ्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने आपलं ग्रिल उघडून-लावून बघावं. पावसाची झड अडवायला पडवीला लावलेली झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) आणि निळं प्लॅस्टिकही याच वाटेत येतं. ते खिळ्यांनी ठोकू नका, दोरीच्या सुटणाऱ्या गाठीने बांधा.

१९. मुलींच्या वसतिगृहाचं गेट रात्री बाहेरून कुलूपबंद असतं. पालकांनाच ते हवं असतं. मग?

पालकांची काळजी खरी आहे, पण बाहेरून कुलूप लावलेली इमारत म्हणजे आगीत पिंजरा. आतून चावीशिवाय फिरवता येणारी कडी आणि दार उघडलं की रेक्टरच्या खोलीत वाजणारी घंटा, एवढ्याने दोन्ही साधतं. कुलूप लावलंच तर आतून, आणि चाव्या तीन: रेक्टरकडे, जिन्याजवळच्या काचेच्या पेटीत आणि एका मुलीच्या खोलीत. खारट हवेने कुलूप आतून जाम होतं, म्हणून तिन्ही चाव्या आठवड्यातून एकदा फिरवून बघा. गच्चीच्या दारालाही हेच. वॉचमन जागा असतो या भरवशावर कुणी बसू नये.

२०. जुन्या कौलारू घरात राहतो. चिरे जळत नाहीत, मग धोका कसला?

चिरे आणि कौलं जळत नाहीत, त्यांच्यामधलं सगळं जळतं: वासे, रिपा, माळ्याच्या फळ्या, माळ्यावर ठेवलेला पेंढा, गोणपाटं, झावळ्या, शेणी. आग माळ्यावर पोहोचली की वासे जळून कौलं खाली कोसळतात. तेव्हा आत कुणीही असू नये. लाकडाला खिळलेल्या जुन्या वायरी पाइपात घ्या. माळ्यावर राहायची खोली असेल तर खालच्या पडवीत लाकूडफाटा नको, आणि तांब्याच्या बंबाचा निखारा न्हाणीघरातच विझवा. पडवीला झापांचं छप्पर असेल तर त्याखाली चूल किंवा गॅस नको. जुलै २००४ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाची आग अशाच गवती छपराने पसरली आणि ९४ मुलं दगावली.

२१. वसतिगृह सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) आहे. दर उन्हाळ्यात वणवा कुंपणापर्यंत येतो.

दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागतं तेव्हाच भिंतीपासून तीस फूट पट्टा कापून साफ करा. कापलेलं गवत तिथेच पेटवून देऊ नका. कित्येक वणवे असेच सुटतात. पन्हाळीतला आणि कौलांवरचा पालापाचोळा काढा, कारण उडत आलेली ठिणगी तिथे बसते. काजू-आंब्याच्या बागेला लागून खोल्या असतील तर बागमालकाशी जाळरेषेचं (आग अडवायला गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याचं) आधी ठरवा. वणवा जवळ आला तर खिडक्या बंद, सिलिंडर बंद, आणि मुलांना वाऱ्याच्या आडव्या दिशेने, गवत नसलेल्या मोकळ्या जागी न्या. ओल्या फांद्या घेऊन वणवा झोडपायला विद्यार्थ्यांना पाठवू नका. शिमग्याच्या होमासाठी हाच तीस फुटांचा हिशोब धरा.

२२. विहिरीला भरपूर पाणी आहे. त्यावर आग विझेल ना?

विहिरीत पाणी आहे, पण पंप विजेवर आहे. आगीत तुम्ही पहिल्यांदा मेन स्विच बंद करता आणि पंपही बंद होतो. उपाय दोन. पंपाला मीटरपासून वेगळी जोडणी आणि वेगळा स्विच, घराच्या मेन स्विचवर न अवलंबणारा. किंवा छपरावरच्या टाकीपासून अंगणात उतरवलेला एक नळ, त्याला कायम जोडलेला रबरी पाइप. टाकी रात्री भरून झोपायचं. विजेच्या आगीवर पाणी मारायचं ते वीज तोडल्याची खात्री करूनच.

२३. पुराचं पाणी खोलीत आलं होतं. आता सुकलंय, वीज चालू करू का?

वायरमनने तपासल्याशिवाय नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं, तेव्हा चिखल बोर्डांच्या आत शिरला. वरून सुकलेला हा गाळ आतून ओल धरून ठेवतो आणि वीज वाहतो. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी आणि सॉकेटं धुऊन पुन्हा वापरायची नसतात, बदलायची असतात. वायरिंगची मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) ५०० व्होल्टवर चाचणी करून रोध किमान १ मेगओहम आल्यावरच सर्किट एकेक चालू करा. अर्थिंगची पट्टीही बघा. पाणी चढताना मात्र उलट क्रम: पाणी बोर्डाला लागायच्या आधी मेन बंद. पाण्यात उभं राहून स्विचला हात नको.

२४. कायद्याने मालकाला किंवा कॉलेजला काय करावं लागतं?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीत बसवलेली आगीची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. ती चालू असल्याचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं. वसतिगृहाच्या ऑफिसात ते बघायला मागा. मागायला संकोच वाटण्याचं कारण नाही. दोन खोल्या भाड्याने दिलेल्या घरमालकाकडे असा कागद बहुधा नसतो. तिथे पुढच्या प्रश्नातली यादी वापरा.

२५. मुलीला खोली बघायला आलोय. पाच मिनिटांत काय बघू?

बाहेर पडायच्या वाटा मोजा. एकच असेल तर ती स्कूटर, सिलिंडर, चपलांच्या रॅकने अडली आहे का ते बघा. रात्री दार कोण आणि कसं उघडतं ते घरमालकीण काकूंना विचारा. ग्रिल हाताने उघडून बघा. बोर्डावरचे डाग आणि आरसीसीबीचं ‘टेस्ट’ बटण (दाबल्यावर पडलं पाहिजे) तपासा. मग रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या मोजा. भाड्याची बोलणी नंतर करा.

२६. कुणी भाजलं तर काय लावायचं?

वाहतं थंड पाणी, वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही नाही. सूज येण्याआधी अंगठ्या आणि बांगड्या काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, आजूबाजूचा कापून घ्या. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकून १०८ ला फोन. कपड्यांनी पेट घेतला असेल तर धावू देऊ नका: थांबा, जमिनीवर पडा, तोंड हातांनी झाकून लोळा. धूर गिळलेला माणूस ठीक दिसला तरी त्याला दवाखान्यात दाखवाच. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

२७. आग विझली. खोलीत परत कधी जायचं?

अग्निशमनवाल्यांनी सांगितल्यावर. गादीच्या आत निखारा तासन्‌तास धुमसतो, म्हणून जळकी गादी अंगणात ओढून पूर्ण भिजवा, वरवर शिंपडू नका. वीज लगेच चालू करू नका (प्रश्न २३ मधली मेगरची चाचणी इथेही). पंचनाम्यासाठी हलवाहलव करण्याआधी फोटो काढा. गुणपत्रिका जळाल्या असतील तर पोलिसांत नोंद करून दुय्यम प्रतीसाठी मंडळाकडे किंवा विद्यापीठाकडे अर्ज करता येतो. दहावी-बारावीच्या प्रती डिजिलॉकरमध्ये आधीच उतरवून ठेवल्या असतील तर प्रवेशाची कामं तोवर अडत नाहीत. एबीसी पावडर उडाली असेल तर ती कोरड्या झाडूने काढा. ओल्या फडक्याने पुसली की ती लॅपटॉप आणि बोर्डांच्या तांब्याला खाते.